खाडीत आधी कोण?

वेसाव्याहून, म्हणजे वर्सोव्याहून, मढला जायला फेरीबोटीला काही मिनिटे पुरतात. रस्त्याने जायचे तर अंधेरी, मालाड, मार्वे असा वीसेक किलोमीटरचा वळसा. म्हणून ही बोट सकाळ-संध्याकाळ भरलेली असते. कामावर निघालेली माणसे, कॉलेजची मुले, मासळीच्या पाट्या, दुचाक्या, आणि रविवारी मढच्या किनाऱ्यावर निघालेले हौशी लोक. फेरी खाडी आडवी कापते. त्याच पाण्यातून वेसाव्याच्या मासेमारी बोटी उभ्या जातात-येतात, कधी बर्फ भरून बाहेर, कधी बोंबील-कोलंबी घेऊन आत. दोन वाटा एकमेकींना छेदतात तिथे ना सिग्नल आहे ना हवालदार. मग आधी कोणी जायचे?

शहरी माणूस याचे उत्तर रस्त्यावरच्या सवयीने देतो. मोठे वाहन आधी, किंवा ज्यात माणसे जास्त ते आधी, नाहीतर ज्याने नाक आधी घुसवले ते आधी. समुद्राचा कायदा मात्र विचारतो की बाजूला होणे कोणाला शक्य नाही. ज्याला शक्य नाही, त्याची वाट इतरांनी अडवायची नाही. हे तत्त्व मला फार शहाणपणाचे वाटते. उपनगरांच्या खाड्यांत आपण ते नेमके उलटे लावत आलो आहोत, आणि खाड्यांवर नवे पूल नि पाण्यात नव्या बोटी येण्याआधी ते सरळ करून घेतले पाहिजे, एवढेच मला सांगायचे आहे.

आधी नियम काय आहे ते पाहू. जहाजांच्या टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली लंडनमध्ये ठरले आणि जुलै १९७७ पासून लागू झाले. त्यांचे मूळ जुने आहे. वाफेची जहाजे आली, वाऱ्याच्या मर्जीबाहेर कोणीही कुठेही जाऊ लागला आणि नद्यांत धडकाधडकी वाढली, तेव्हा १८४० साली लंडनच्या ट्रिनिटी हाउस या संस्थेने अरुंद मार्गात समोरासमोर आलेल्या आगबोटींनी एकमेकींना डाव्या बाजूला ठेवून जावे असा दंडक घातला. सहा वर्षांनी ब्रिटिश संसदेने त्याचा कायदा केला. आजच्या नियमावलीतला नववा नियम त्याच दंडकाचा वंशज. अरुंद मार्गातून जाणाऱ्याने आपल्या उजव्या हाताच्या कडेला, जितके सुरक्षित आणि शक्य असेल तितके, चिकटून राहायचे. रस्त्यावर आयुष्यभर डावी बाजू धरणाऱ्या मुंबईकराने बोटीचे सुकाणू हाती घेतले की त्याला उजवी धरावी लागते, ही एक गंमतच.

पण उजवी-डावी हा नियमाचा सोपा भाग झाला. खरे डोके लावले आहे ते पुढच्या कलमांत. २० मीटरपेक्षा लहान बोटीने आणि शिडाच्या बोटीने, केवळ त्या मार्गातूनच सुरक्षित जाऊ शकणाऱ्या जहाजाला अडथळा करायचा नाही. मासेमारी चालू असलेल्या बोटीने मार्गातून जाणाऱ्या कोणालाच अडवायचे नाही. मार्ग आडवा ओलांडणाऱ्याने, ज्याला त्या मार्गाखेरीज दुसरे खोल पाणी नाही, त्याच्या आड यायचे नाही. आणि शक्य असेल तोवर मार्गात नांगर टाकायचा नाही.

वरवर वाचले तर हे लहानांना दटावून मोठ्यांना मोकळीक देणारे प्रकरण वाटते. बंदरातले साहेब ते तसेच वाचतात, आणि कोळ्यांनाही अनुभवाने तसेच वाटू लागले आहे. पण नियमाचा कणा जहाजाच्या लांबीत नाही, त्याच्या अगतिकतेत आहे. तीनशे मीटरचे कंटेनर जहाज खणलेल्या खोल पट्ट्यातून दहा-पंधरा मीटर जरी बाहेर गेले तरी गाळात रुतते. त्याला पर्याय नाही म्हणून त्याला वाट. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ आडवे होऊन सहा दिवस अडकले, तेव्हा पर्याय नसणे म्हणजे काय ते जगाने पाहिले. होडीला कडेचे उथळ पाणी चालते, म्हणून तिने कडेला राहायचे. इथे मोठेपणाचा मान राखण्याचा प्रश्न येत नाही.

आता हीच मोजपट्टी वेसाव्याच्या खाडीला लावा. इथे मोठे जहाज येतच नाही. फेरीबोट आणि मासेमारी बोटी, बहुतेक सगळ्या २० मीटरच्या आतल्या. म्हणजे लांबीचा मुद्दा निकालात निघाला. उरतो प्रश्न खोलीचा. खाडी गाळाने भरत चालली आहे, ही वेसावकरांची वर्षानुवर्षांची तक्रार. ओशिवरा नदीतून उपनगरांचा सगळा मळ, राडारोडा आणि प्लास्टिक मालाडच्या खाडीत उतरते आणि मुखाशी साचते. भरती-सुकतीच्या गणिताशिवाय भरलेली बोट आत आणता येत नाही. सुकतीला खाडीच्या मधोमध पाण्याची एक चिंचोळी पट्टी उरते आणि मासळी, बर्फ, डिझेल यांच्या वजनाने खोल बसलेली बोट तेवढ्याच पट्टीतून जाऊ शकते. फेरीबोट उथळ तळाची, धक्क्यावर थांबलेली, दोन मिनिटे उशिरा सुटली तरी कोणाचे काही बुडत नाही. मग केवळ मार्गातूनच सुरक्षित जाऊ शकणारे जहाज कोणते? तांडेलाची, म्हणजे मासेमारी बोट चालवणाऱ्या नाखव्याची, बोट. नववा नियम अक्षरशः वाचला तर वाट तिची आहे. आणि हा नियम इथे लागू होतो का, अशी शंका नको. समुद्रगामी जहाजे जाऊ शकतील अशा, समुद्राला जोडलेल्या सगळ्या पाण्याला तो लागू आहे.

कोळी बांधवांची बाजू घेतो म्हणून त्यांच्या चुका झाकण्याचे कारण नाही. बंदराच्या तोंडाशी दोन-दोन, तीन-तीन बोटी एकीला एक बांधून उभ्या राहतात आणि आधीच अरुंद असलेली वाट निम्मी करतात. ते मार्गात नांगर टाकण्यासारखेच झाले. रात्री दिवे न लावता येणाऱ्या होड्या आहेत. डाव्या अंगाला तांबडा, उजव्या अंगाला हिरवा, हे ज्याला समोरून दिसत नाही त्याने समोरची बोट कोणत्या दिशेला चालली आहे ते ओळखायचे तरी कसे? यांत्रिक ट्रॉलर आणि लहान डोलवाला यांच्यातला तंटाही काही शहराने लावलेला नाही. ज्याला वाट मागायची आहे त्याने स्वतःच्या घरातली शिस्त आधी दाखवायला हवी.

डोलीचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि तो मला फार अवघड वाटतो. वेसावे, मढ, मनोरी, गोराई या भागात डोल जाळे ही पिढीजात रीत. तळाशी पक्के रोवलेल्या खुंटांना पिशवीसारखे जाळे बांधायचे, आणि ओढीच्या पाण्याबरोबर बोंबील, जवळा, मांदेली आपोआप आत. या मासेमारीला प्रवाहच लागतो, आणि प्रवाह असतो तो नेमका खाडीच्या मुखाशी, जिथून बोटींचीही वाट आहे. लंडनमध्ये नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे वाहतुकीसाठी असलेला मार्ग होता आणि मासेमार हा त्यात आगंतुक होता. म्हणून उघड्या समुद्रात इंजिनाच्या जहाजाने मासेमारी बोटीला वाट द्यावी असे सांगणारा अठरावा नियम अरुंद मार्गाशी येऊन हात टेकतो. आमच्या खाडीत मात्र मासेमार आधी होता आणि मार्ग नंतर आला. त्याच्या खुंटांचे काय करायचे, याचे उत्तर आंतरराष्ट्रीय नियमात मिळणार नाही. खुंट ही बोट नव्हेच.

मिळणार नाही, पण ते शोधायची मुभा त्या नियमातच दिली आहे. पहिल्याच नियमात म्हटले आहे की बंदरे, नद्या, अंतर्गत जलमार्ग यांच्यासाठी योग्य त्या अधिकाऱ्यांनी वेगळे स्थानिक नियम करायला हरकत नाही, फक्त ते मूळ नियमांच्या शक्य तितके जवळ असावेत. अमेरिकेने ही मुभा वापरली. तिथल्या ठरावीक मोठ्या नद्यांत प्रवाहाबरोबर खाली येणाऱ्या बोटीला वर चढणाऱ्या बोटीपेक्षा आधी वाट आहे. कारण साधे. पाणी पाठीमागून ढकलत असले की सुकाणू नीट धरत नाही आणि थांबणे दुरापास्त होते. प्रवाहाविरुद्ध येणारी बोट मात्र इंजिन मंद करून जागच्या जागी उभी राहू शकते. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार-साडेचार मीटर चढते, आणि उतरताना मनोरी, गोराई किंवा वेसाव्याच्या मुखातून ज्या वेगाने बाहेर पडते ते पाहिलेल्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. तरीही आपल्या कोणत्याही खाडीमुखाशी, इथे पाण्याबरोबर येणाऱ्याला आधी वाट, अशी साधी पाटी मला दिसलेली नाही.

आणखी एक गोष्ट. अरुंद मार्ग म्हणजे किती अरुंद, हे नियमावलीत कुठेच सांगितलेले नाही. रुंदीचा आकडा नाही. वाद कोर्टात गेला की न्यायाधीश विचारतात, तिथले नाविक त्या पाण्याला अरुंद मार्ग समजून वागतात का? म्हणजे स्थानिक दर्यावर्दींचा रिवाज हा पुरावा ठरतो. गोराईचा तांडेल कुठल्या खडकाला किती लांबून वळसा घालतो, भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत कोणती वाट टाळतो, हे कायद्याच्या दृष्टीनेही कामाचे ज्ञान आहे. ते कुठेही नोंदवलेले नाही, हा आपला आळस.

शिटीच्या खुणांबद्दलही थोडे बोललेच पाहिजे, कारण त्यात या नियमांचा स्वभाव दिसतो. अरुंद मार्गात पुढच्या बोटीला ओलांडायचे असेल आणि तिने थोडी बाजू दिल्याशिवाय ते जमणार नसेल, तर मागच्याने भोंगा वाजवून विचारायचे. दोन लांब, एक आखूड म्हणजे तुझ्या उजवीकडून येतो. दोन लांब, दोन आखूड म्हणजे डावीकडून. पुढच्याला मान्य असेल तर तो लांब-आखूड-लांब-आखूड असे उत्तर देतो. शंका असेल तर निदान पाच आखूड शिट्या, म्हणजे थांब, मला हे पटलेले नाही. होकार आल्याखेरीज ओलांडायचे नाही. पश्चिम द्रुतगती मार्गावर अंधेरी ते दहिसर ज्याने गाडी चालवली आहे, त्याला हे परग्रहावरचे वाटेल. आमचा हॉर्न हुकूम देतो, खाडीतला भोंगा परवानगी मागतो.

परवानगीशिवाय ओलांडण्याचे सर्वात बोलके उदाहरण वरळीचे. वरळी उपनगरात मोडत नाही, पण उपनगरांचे पुढे काय होणार ते तिथे आधीच दिसले. किनारी रस्ता सागरी सेतूला जोडताना महापालिकेने पुलाच्या खांबांत ६० मीटर अंतर ठेवायचे ठरवले होते. वरळी कोळीवाड्याच्या बोटी ज्या वाटेने समुद्रात जातात, तिथेच हे खांब येत होते. कोळ्यांनी २०० मीटर मागितले. प्रशासनाचा युक्तिवाद कागदावर बिनतोड होता. बोटीची रुंदी काही मीटर, मग ६० मीटर कमी कसे? ज्याने खांबाशेजारून बोट काढली आहे त्याला हे गणित अपुरे आहे हे कळते. खांबाभोवती पाणी भोवरे घेते. आडवा वारा आणि लाट बोटीला बाजूला सरकवतात. समोरून दुसरी बोट आली तर दोघांनी आपापली उजवी धरायची म्हणजे जागा अर्धी. आणि इंजिन ऐनवेळी बंद पडले तर ते अर्धेही पुरत नाही. कोळ्यांनी काम अडवले, बरेच दिवस घासाघीस झाली. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये आठवा खांब वगळून सात आणि नऊ क्रमांकाच्या खांबांमध्ये १२० मीटरचा गाळा ठेवण्याचे जाहीर झाले. मागितले त्यापेक्षा कमीच, पण दिले जात होते त्याच्या दुप्पट. म्हणजे अभियांत्रिकीला ते अशक्य नव्हते. आधी कोणी विचारले नव्हते, इतकेच.

पुलाचा खांब हे माझ्या मते अरुंद मार्गात कायमचा नांगर टाकून बसलेले जहाज आहे. जहाजाने मार्गात नांगर टाकू नये असे नियम सांगतो, कारण ते हलेपर्यंत वाट अडते. खांब तर हलणारच नाही. पण पूल हा वाहतुकीच्या नियमात येत नाही, तो बांधकामाच्या निविदेत येतो, आणि निविदेत बोट ही वस्तू फार तर एका आकृतीत, एका बाणाने दाखवलेली असते.

पूर्वेकडे, मुलुंड-भांडुप-घाटकोपरच्या बाजूला, ठाण्याच्या खाडीची हीच कथा आहे. वाशीचा पहिला पूल १९७३ चा. मग दुसरा, रेल्वेचा, ऐरोलीचा, आणि अलीकडे वाशीला तिसरा. या तिसऱ्या पुलामुळे पोटावर पाय येतो म्हणून वाशीगावच्या मरिआई मच्छीमार सहकारी संस्थेने उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने पूल थांबवला नाही, पण मच्छीमारांच्या भरपाईचे धोरण आखायला शासनाला सांगितले. निकाल चांगलाच होता. तरी भरपाई ही धडक झाल्यानंतरची गोष्ट. खाडीचा वरचा भाग तर इतका उथळ झाला आहे की सुकतीला चिखलाचे मैदान उरते. ते रोहित पक्ष्यांना मानवले. २०१५ साली अभयारण्य झाले, २०२२ साली पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव गेले, आणि भांडुपच्या पाणथळीत पक्षीप्रेमींची गर्दी वाढली. मला त्याचा आनंद आहे. पण ज्या गाळाने पक्ष्यांना ताट वाढले त्याच गाळाने होडीची वाट बुजवली, हेही त्याच वाक्यात सांगायला हवे. आणि ही खाडी २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई या राष्ट्रीय जलमार्ग ५३ चा भाग आहे. म्हणजे एकाच पट्टीवर अभयारण्य, जलमार्ग, पूल आणि जाळी. या चौघांत आधी कोण, हे लिहून ठेवलेला कागद मी तरी पाहिलेला नाही.

यावर हमखास येणारा प्रतिवाद असा की काही शे बोटींसाठी कोट्यवधींच्या शहराने थांबायचे का? फेरीतल्या प्रवाशाचीही बाजू आहेच. मढच्या विद्यार्थ्याला वीस किलोमीटरचा वळसा हा काही खरा पर्याय नव्हे, आणि खाडीवर पूल व्हावा असे त्याला वाटले तर त्यात चूक काय? काही नाही. १८४५ साली माहीमचा कॉजवे झाला तेव्हा साष्टी आणि मुंबई यांच्यामधल्या होडीच्या धोक्यातून लोक सुटलेच. पण नियम डोकी मोजत नाही आणि कोणाला थांबवतही नाही. तो फक्त सांगतो की ज्याला बाजूला होता येते त्याने वेळीच व्हावे. पुलाचा खांब चाळीस मीटर पलीकडे घेता येतो, फेरीची वेळ भरतीप्रमाणे बदलता येते. तांडेलाला खाडी बदलता येत नाही. शिवाय ज्याची वाट अडवायची नाही त्यालाही धडक टाळण्याच्या जबाबदारीतून नियमाने सोडलेले नाही. आठव्या नियमात ते स्पष्ट आहे. हक्क आहे म्हणून आदळण्याचा परवाना कोणालाही नाही.

आणि मोठ्यांच्या हातून नियम सुटला की बिल कोणाकडे जाते तेही पाहा. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलीजिया ३’ ही जहाजे एकमेकांवर आदळली. कंटेनर समुद्रात पडले, शेकडो टन तेल सांडले, बंदर काही दिवस बंद राहिले. किनाऱ्याच्या खारफुटीला तेलाचा थर लागला आणि बाजारात लोक मासे घ्यायला कचरू लागले. त्या टकरीत एकाही कोळ्याचा हात नव्हता. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची वेगवान बोट येऊन धडकली. इंजिनाच्या चाचणीत ताबा सुटल्याचे नौदलाने सांगितले. १५ जण गेले. ‘नीलकमल’मध्ये परवान्यापेक्षा जास्त माणसे होती हेही खरे. नंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली, आणि ती हवीच होती. पण जॅकेट धडकेनंतर कामाला येते. प्रवासी बोटींच्या रोजच्या वाटेत वेगाच्या चाचण्या व्हाव्यात की नाही, हा धडकेआधीचा प्रश्न.

लंडनमध्ये थेम्सवर २० ऑगस्ट १९८९ च्या पहाटे ‘मार्शिओनेस’ ही सहलीची बोट आणि ‘बोबेल’ हा वाळूवाहू ड्रेजर एकाच दिशेने जाताना आदळले आणि ५१ माणसे बुडाली. दोन्हीकडे नीट नजर ठेवली गेली नव्हती. ज्या शहराने १८४० साली जगाला उजवी बाजू धरायला शिकवले, त्याच शहराच्या नदीत हे झाले. नियम छापलेला असून हे होते. आपल्याकडे तर खाडीपुरता छापलेलाही नाही.

आता उपनगरांवर एकदम बरेच काही येऊ घातले आहे. वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचे काम चालू आहे. वर्सोव्यापासून दहिसर-भाईंदरपर्यंतचा किनारी रस्ता मालाड-गोराईच्या खाड्या ओलांडणार. वसई-भाईंदर रो-रो २०२४ पासून धावते आहे. २०२३ साली सुरू झालेल्या कोचीच्या वॉटर मेट्रोवरून मुंबईतही तशीच सेवा आणण्याचे घाटते आहे. बोटींनी प्रवास व्हावा, याच्या मी पूर्ण बाजूने आहे. घाटकोपरच्या मेट्रो स्टेशनातली संध्याकाळ ज्याने पाहिली आहे तो पाण्याच्या वाटेला नाही म्हणणार नाही.

पण वातानुकूलित बोट येईल तेव्हा तिच्या वेळापत्रकाला मान असेल, तिच्यात मतदार बसलेले असतील, आणि सुकतीच्या पट्टीत तिच्यासमोर आलेला तांडेल अडथळा म्हणून नोंदवला जाईल. ते टाळायचे तर महाराष्ट्र सागरी मंडळाने पहिली बोट पाण्यात उतरवण्याआधी वेसावे, मनोरी, गोराई आणि ठाणे या प्रत्येक खाडीचे स्थानिक नियम मराठीत छापावेत. ते लिहिताना तिथल्या मच्छीमार सोसायट्यांचे तांडेल टेबलाला हवेत. भरलेल्या बोटीला सुकतीत पहिली वाट, आडव्या फेरीने थांबायचे, ओढीबरोबर येणाऱ्याला आधी, डोलीच्या खुंटांच्या जागा नकाशावर कायम, बंदराच्या तोंडाशी एकापेक्षा जास्त रांगेत बोटी बांधायला मनाई, आणि पुलाच्या गाळ्याची रुंदी निविदा निघण्यापूर्वी ठरलेली. यासाठी नवा आंतरराष्ट्रीय करार नको, संसदेचा नवा कायदाही नको. पहिल्या नियमातली ती मुभा १९७२ पासून तिथेच आहे. मंडळाने ती वापरावी, आणि वर्सोवा-दहिसर रस्त्याचा पहिला खांब खाडीत उतरण्याआधी वापरावी.